दुखणं थांबलं, पण दाह थांबला का?

(महिला कार्यकर्त्यांच्या निवासी आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

सकाळपासून आपण पाळीबद्दल बोललो, अंगावरून जाण्याबद्दल बोललो, गर्भपिशवी काढण्याच्या ऑपरेशनांबद्दल बोललो. एक काळ असा होता की या गोष्टी चारचौघींत काढायची चोरी होती. तुमच्यातल्या ज्येष्ठ मैत्रिणींनी ती चोरी मोडली म्हणून आज आपण मोकळेपणाने बोलतो. मी मात्र आता असा विषय काढणार आहे, जो अजूनही आपल्या शिबिरांच्या वेळापत्रकात येत नाही. तो म्हणजे शौच. हसू आलं ना? येऊ दे. हसून झालं की ऐका, कारण या विषयावर गप्प राहण्याची किंमत एका बाईने कशी मोजली ते मी जवळून पाहिलं आहे. तिच्या परवानगीने, तिचं नाव न घेता, सांगते.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मावशी आल्या. वय एक्केचाळीस. शहरात पाच घरी पोळ्या करायच्या. नवरा मारतो म्हणून आल्या होत्या. पहिली मुलाखत मी घेतली. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात शिकवतात तसा चार पानी अर्ज भरला. लग्न कधी झालं, मुलं किती, कमाई किती, मार कधीपासून, पाळी नियमित आहे का, सगळं विचारलं. हिमोग्लोबिन सात निघालं. मी अर्जावर लिहिलं, ‘रक्तक्षय. आहाराविषयी सल्ला दिला. लोहाच्या गोळ्या सुरू.’ आणि सही केली.

त्या वेळी मावशींच्या शौचातून रक्त जायला लागून बारा वर्षं झाली होती. मी ते विचारलंच नव्हतं.

दोन वर्षांनी त्या पुन्हा आल्या, त्या ऑपरेशनच्या कागदपत्रांसाठी. मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता. जुना अर्ज काढून मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळी हकिकत पहिल्यापासून ऐकली. एकोणतिसाव्या वर्षी, दुसऱ्या बाळंतपणानंतर, शौचाला रक्त आणि आव पडायला लागली. आधी वाटलं, बाळंतपणाचंच असेल. मग सासूबाई म्हणाल्या, मूळव्याध आहे. मूळव्याधीची पाटी लावलेल्या माणसाकडून पुड्या आणल्या. सहा वर्षांनी एका सरकारी रुग्णालयात दुर्बिणीने तपासणी झाली आणि नाव कळलं, ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराचा जुनाट दाह. गोळ्या सुरू झाल्या. दोन वर्षांत बरं वाटलं. त्याच सुमारास मुलीची फी भरायची होती. गोळ्या बंद केल्या. पुढे दिवसातून तीनचार वेळा जावं लागायचं, कधीमधी थोडं रक्त दिसायचं. पूर्वीच्या मानाने हे काहीच नाही, म्हणून त्याला त्या ‘बरं आहे’ म्हणत राहिल्या.

हे ‘बरं आहे’ काय असतं आणि त्याखाली आतड्यात काय चाललेलं असतं, ते आज समजून घेऊ. शास्त्र आहे, पण अवघड नाही.

आपलं मोठं आतडं साधारण दीड मीटर लांबीची नळी आहे. तिच्या आतल्या बाजूला पेशींचं पातळ अस्तर असतं. या अस्तरावर रोज मळाची, असंख्य जंतूंची घासाघीस होते, म्हणून ते सारखं नवं होत राहतं. चारपाच दिवसांत जुन्या पेशी गळतात, नव्या येतात. अस्तरात लहान लहान विहिरींसारखे खळगे असतात. प्रत्येक विहिरीच्या तळाशी मूळ पेशी असतात. त्या विभागून नव्या पेशी तयार करतात आणि नव्या पेशी वर सरकतात. दर वेळी पेशी विभागताना तिच्यातला डीएनए, म्हणजे शरीराचा सगळा मजकूर, पुन्हा उतरवून काढावा लागतो.

तुमच्यापैकी काहींनी मोर्चाची पत्रकं स्टेन्सिल कापून काढलेली आहेत. एका छापलेल्या पत्रकावर शाईचा डाग पडला तर तेवढं एक फेकून देता येतं. पण स्टेन्सिल कापतानाच अक्षर चुकलं तर? मग पुढची प्रत्येक प्रत चुकीची निघते. वरच्या पेशीत चूक झाली तर ती चार दिवसांत गळून जाते. तळाच्या मूळ पेशीत चूक झाली तर ती चूक राहते.

आता दाह म्हणजे काय? तसा दाह आपला शत्रू नाही. बोटाला काटा लागला की बोट लाल होतं, सुजतं, ठणकतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावतात, जंतू मारतात, जखम भरायला लागते आणि काम झालं की परत जातात. कोलायटिसमध्ये त्या परत जातच नाहीत. का जात नाहीत याचं एकच उत्तर नाही. थोडा भाग आनुवंशिकतेचा, थोडा आतड्यातल्या जंतूंचा, थोडा शरीराच्या संरक्षणयंत्रणेच्या गोंधळाचा. ‘तू फार चिडतेस, टेन्शन घेतेस, म्हणून तुझं पोट बिघडतं’ हे मात्र खरं कारण नव्हे. ताणाने आजार उसळू शकतो, पण ताणाने तो जन्माला येत नाही. बाईच्या प्रत्येक दुखण्याचं खापर तिच्या स्वभावावर फोडायची सवय आपण ओळखतो, तशी ती इथेही ओळखायची.

तर या पांढऱ्या पेशी वर्षानुवर्षं तिथे मुक्काम ठोकतात. जंतू मारण्यासाठी त्या प्राणवायूपासून तयार झालेली अतिशय जहाल रसायनं सोडतात. त्यांना मुक्त मूलकं म्हणतात. ती जंतू आणि आपली पेशी असा भेद करत नाहीत. आपल्या पेशींच्या डीएनएवरही त्यांचा मारा होतो आणि मजकुरातली अक्षरं बिघडतात. एक अक्षर बिघडलं की उतरवून घेताना त्याच्या जागी भलतंच अक्षर वाचलं जातं. शिवाय अस्तर सारखं सोलवटतं, म्हणून ते भरून काढायला मूळ पेशींना जास्त वेळा आणि घाईने विभागावं लागतं. एकीकडे मजकूर बिघडतोय, दुसरीकडे नक्कल करायची घाई. चुका वाढणारच.

तिसरी गोष्ट याहून वाईट. दाहाच्या जागी पेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवतात. जखम भरायची आहे, वाढा, मरू नका, असा त्यांचा अर्थ असतो. काट्याच्या जखमेत हा निरोप चार दिवस चालतो आणि त्याचा उपयोगच होतो. आतड्यात तो दहा-दहा वर्षं चालू राहतो. ज्या बिघडलेल्या पेशीने एरवी मरायला हवं होतं, तीसुद्धा त्यामुळे तग धरते. आपल्या पेशीत पी-५३ नावाचं एक राखणदार जनुक असतं. चूक दिसली की विभागणी थांबवायची, दुरुस्ती करायची, नाहीतर पेशी मारून टाकायची, हे त्याचं काम. दाहातून होणाऱ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये पुष्कळदा हे राखणदारच लवकर निकामी होतं. पेशींची ठेवण बदलायला लागते. त्याला डॉक्टर डिसप्लेसिया म्हणतात. तो कॅन्सर नव्हे, पण कॅन्सरच्या वाटेवरचा टप्पा आहे. आणि याच टप्प्यावर तो पकडता येतो.

दाह आणि कॅन्सर यांचं नातं आज कळलेलं नाही. १८६३ साली रुडॉल्फ विरशॉ या जर्मन डॉक्टरने कॅन्सरच्या गाठींत पांढऱ्या पेशी असतात हे टिपलं होतं आणि गाठ जुन्या दाहाच्या जागी उगवत असावी असं सुचवलं होतं. जठराचं उदाहरण तर आपल्या हयातीतलं आहे. ऑस्ट्रेलियाचे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन सांगत होते की जठराचा दाह आणि अल्सर पुष्कळदा एका जंतूमुळे होतो. लोकांना पटेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन दाखवला आणि काही दिवसांत त्यांच्या जठराला दाह झाला. वर्षानुवर्षांच्या अशा दाहातून जठराचा कॅन्सर होऊ शकतो म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू कॅन्सरकारक ठरवला. २००५ मध्ये त्या दोघांना नोबेल मिळालं. यातून आपण एवढंच घ्यायचं की दाह ही सोसत राहण्याची गोष्ट नाही. त्याचं कारण शोधायचं, त्याला शमवायचं.

आता आकडे. घाबरण्यासाठी नाही, हिशेब कळण्यासाठी. जगभरच्या ११६ अभ्यासांचा एकत्रित विचार करून २००१ साली एक अंदाज प्रसिद्ध झाला होता. अल्सरेटिव्ह कोलायटिस असलेल्या शंभर जणांपैकी दहा वर्षांनी सुमारे दोघांना, वीस वर्षांनी आठ जणांना आणि तीस वर्षांनी अठरा जणांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर होतो, असा तो अंदाज. त्यानंतरच्या अभ्यासांत हे प्रमाण बरंच कमी आढळलं आहे, कारण औषधं सुधारली आणि नियमित तपासण्या होऊ लागल्या. म्हणजे बहुतेकींना कॅन्सर होत नाही. पण धोका वर्षांबरोबर वाढतो, आतड्याचा जितका जास्त भाग सुजलेला तितका वाढतो आणि दाह जितका धगधगत ठेवला तितका वाढतो. क्रोन्स नावाचा याचाच एक भाऊबंद आजार आहे. त्यात मोठं आतडं बाधित असेल तर तिथेही असाच धोका असतो.

म्हणून डॉक्टरांचा नियम असा आहे : पहिला त्रास सुरू झाल्यापासून आठ वर्षं झाली की मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, करायची आणि पुढे धोक्याच्या प्रमाणात एक ते पाच वर्षांनी करत राहायची. ज्यांना पित्तनलिकांचाही जुनाट दाह आहे त्यांनी आठ वर्षं थांबायचं नाही, निदान झाल्यापासूनच दर वर्षी करायची. त्रास नसला तरी करायची, हे महत्त्वाचं. एरवी आतड्याचा कॅन्सर बहुधा एखाद्या मोडासारख्या कोंबातून वाढतो, तो दुर्बिणीत दिसतो. दाहातला बिघाड पुष्कळदा सपाट असतो, अस्तराच्या पातळीतच पसरलेला. शेतात एखादं तण उगवणं वेगळं आणि सगळ्या जमिनीचाच कस बिघडणं वेगळं. म्हणून डॉक्टर निळा रंग फवारून पाहतात किंवा ठिकठिकाणचे लहान तुकडे तपासायला घेतात.

मावशींची आठ वर्षं सदतिसाव्या वर्षी भरली होती. म्हणजे त्यांनी गोळ्या बंद केल्या त्याच सुमारास. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि चार वर्षांनी जेव्हा त्या माझ्यासमोर बसल्या होत्या, तेव्हा मलाही ते माहीत नव्हतं.

मी त्यांना म्हटलं, ‘मावशी, लाजेपायी उशीर झाला.’ त्यांनी मला तिथेच थांबवलं. म्हणाल्या, ‘ताई, लाज नव्हती हो. जागा नव्हती.’ पाच घरी पोळ्या करायच्या, पण एकाही घरातला संडास वापरायची मुभा नव्हती. म्हणून दुपारपर्यंत पोटात काही घ्यायच्या नाहीत. चाळीत मजल्यावर सामायिक संडास. सकाळी रांग. कोलोनोस्कोपीसाठी आदल्या दिवशी पातळ पदार्थांवर राहावं लागतं आणि पोट साफ करायचं औषध घेऊन रात्रभर दहाबारा वेळा जावं लागतं. मधल्या काळात एकदा डॉक्टरांनी ती तपासणी लिहून दिली होती. मावशींनी चिठ्ठी घडी करून ठेवून दिली. ‘रात्री बारा वेळा बादली घेऊन जिना उतरू कशी? आणि दोन दिवस खाडे केले तर काम राहील का?’

मैत्रिणींनो, या उत्तराने माझी समज बदलली. बायका आजार लपवतात, बायका बोलत नाहीत, असं आपण पटकन म्हणतो. त्या मावशी बोलल्या असत्या, मी विचारलं असतं तर. आणि तपासणी केली असती, एका रात्रीपुरता त्यांना हक्काचा संडास मिळाला असता तर. मुंबईत बायकांनी सार्वजनिक ठिकाणच्या मुताऱ्यांसाठी ‘राइट टू पी’ची लढाई चालवली तेव्हा लोक हसले होते. मुतारीचा आणि संडासाचा प्रश्न हा आरोग्याचाच प्रश्न आहे हे मला मावशींनी शिकवलं.

रक्तक्षयाचंही असंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. इतका सर्रास आहे की बाई म्हटलं की रक्त कमी असायचंच, असं आपण धरून चालतो. खाणं अपुरं, पाळी जास्त, ही कारणं खरी आहेत. पण प्रत्येकीच्या बाबतीत तीच असतील असं नाही. गोळ्या देऊनही हिमोग्लोबिन वर येत नसेल तर रक्त जातंय कुठे, हे विचारायलाच हवं. एक लक्षात ठेवा, लोहाच्या गोळ्यांनी शौच काळपट होतं, त्याला घाबरायचं नाही. लाल रक्त मात्र गोळ्यांमुळे दिसत नाही.

तरुण मुलींबाबत आणखी एक सांगते. हा आजार पुष्कळदा पंधरा ते पस्तीस या वयात सुरू होतो, म्हणजे ऐन लग्नाच्या आणि बाळंतपणाच्या काळात. लग्न जमेपर्यंत आजार लपवला जातो, लग्नानंतर गोळ्या लपवल्या जातात. दिवस राहिले की घरची म्हणतात, बाळाला बाधतील, बंद कर. कोलायटिसची नेहमीची बहुतेक औषधं गरोदरपणात चालू ठेवता येतात. उलट दाह उसळला तर आईला आणि बाळाला दोघांनाही धोका असतो. मेथोट्रेक्सेटसारखं एखादं औषध मात्र चालत नाही, ते दिवस राहण्याच्या आधीच बदलून घ्यावं लागतं. म्हणून आपल्या मनाने बंद नाही आणि आपल्या मनाने चालूही नाही, डॉक्टरांना विचारायचं.

आता मला माहीत आहे, काहीजणी मनातल्या मनात स्वतःचं पोट तपासताहेत. घाबरू नका. गॅस, आंबट ढेकर, बद्धकोष्ठ, कधी जुलाब कधी खडा, यांतलं बहुतेक या आजारात मोडत नाही. आव पडून आठवड्यात बरी झाली, तेही हे नव्हे. लक्ष द्यायचं ते या खुणांकडे : दोनतीन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस रक्त किंवा आव, रात्री झोपेतून उठून शौचाला धावावं लागणं, उतरत जाणारं वजन, बारीक ताप, न वाढणारं हिमोग्लोबिन. मूळव्याधीचा शिक्का तपासल्याशिवाय मारून घ्यायचा नाही. आपल्याकडे आतड्याचा क्षयही बराच आढळतो आणि तो क्रोन्ससारखाच दिसतो, म्हणून तुकडा तपासून नक्की करून घेणं गरजेचं असतं. शौचाची कॅलप्रोटेक्टिन नावाची एक तपासणी असते, तिने आतड्यात दाह आहे की नाही याचा अंदाज दुर्बिणीशिवायही येतो.

आपण काय करायचं? मी चार गोष्टी सुचवते.

पहिली, आपल्या सगळ्या मुलाखत-अर्जांत एक ओळ वाढवा : ‘शौचातून रक्त किंवा आव जाते का? किती दिवसांपासून?’ आम्ही ती वाढवली आहे.

दुसरी, जिला हा आजार आहे तिच्या वहीच्या पहिल्या पानावर त्रास सुरू झाल्याचं साल लिहून द्या. त्यात आठ मिळवा आणि ते सालही लिहा. निदानाचं नव्हे, त्रास सुरू झाल्याचं साल.

तिसरी, तपासणीच्या आदल्या रात्री तिला कुणाच्या तरी घरी राहायला न्या, जिथे घरात संडास आहे. आपल्या कचेऱ्या रात्री रिकाम्याच असतात. दुसऱ्या दिवशी सोबत जा. गुंगीचं औषध दिलेलं असतं, एकटीने परतायचं नसतं.

चौथी, मागणी करा. आयुष्मान भारतसारख्या योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी आहेत. मावशींचं ऑपरेशन योजनेत बसलं, पण ते टाळू शकणाऱ्या रोजच्या गोळ्या पदरच्या पैशातून घ्यायच्या होत्या. ही औषधं सरकारी दवाखान्यात खंड न पडता मिळाली पाहिजेत. आणि घरकामगारांच्या संघटनांनी पगाराच्या आणि सुट्टीच्या बरोबरीने संडास वापरण्याच्या हक्काची मागणी लावून धरली पाहिजे.

मावशींचं मोठं आतडं काढावं लागलं. आता पोटावर पिशवी असते. त्या दोनच घरी पोळ्या करतात, आणि कामाला लागतानाच सांगतात, ‘मला तुमचा संडास वापरायला लागेल. चालणार असेल तर उद्यापासून येते.’ एका घराने नकार दिला. दोघांनी हो म्हटलं.

त्यांचा तो जुना अर्ज अजून माझ्या कपाटात आहे. ‘आहाराविषयी सल्ला दिला’ ही ओळ मी खोडलेली नाही. नव्या मुली कामाला आल्या की तो अर्ज मी त्यांना वाचायला देते आणि विचारते, यात काय विचारायचं राहिलं आहे?